दिवाळीचं गिफ्ट आणि एक टक्का

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा मंजूर केला तेव्हा आमच्या बेळगावच्या शाळेच्या ग्रुपवर नुसता जल्लोष सुरू होता. पैसे लावून पैसे जिंकायचे ॲप बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणारा पण सुटणार नाही. ऑनलाईन रमीत पगार घालवलेला एखादा तरी प्रत्येकाच्या ओळखीत आहेच, त्यामुळं लोकांना बरं वाटलं ते खरंच होतं, मलाही वाटलं. काही जण म्हणाले नोकऱ्या जातील, काही म्हणाले बंदी घालून काय होतंय, लोक दुसरी वाट काढतील. तो वाद अजून चालूच आहे. पण त्या सगळ्या मेसेजमध्ये ज्या गोष्टीवर एकानंही एक शब्द लिहिला नाही ती मला जास्त टोचते, कारण ती रमी खेळणाऱ्या मोठ्या माणसाच्या नाही, दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात आहे. सणाचं गिफ्ट म्हणून गेममध्ये मिळणारी पेटी.

ज्यांच्या घरात लहान पोरं नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोनवरचे बंदुकीचे, गाड्यांचे, फुटबॉलचे बहुतेक गेम फुकट असतात. कमाई होते ती आतल्या वस्तूंवर, म्हणजे कपडे, बंदुकीचा रंग, नवीन कॅरेक्टर. यातल्या बऱ्याच भारी वस्तू सरळ विकत मिळत नाहीत, पेटी उघडायची नाहीतर चाक फिरवायचं, आणि काय निघेल ते नशीब. सण आला की याला ऊत येतो. दिवाळी, ख्रिसमस, न्यू इयर, चिनी नववर्ष, प्रत्येकाचा वेगळा इव्हेंट, चार दिवस रोज लॉगिन केलं की एक पेटी फुकट, आणि बाजूला घड्याळ उलटं चालू, की एवढ्या तासांत घेतलं नाही तर हा पोशाख पुन्हा मिळणार नाही. नव्या कायद्यात बंद केलंय ते पैसे लावून पैसे किंवा तसाच फायदा जिंकायचं. पैसे देऊन पेटी उघडायची आणि आतून फक्त पडद्यावरचा कपडा निघायचा, याला काय म्हणायचं ते कायद्यात नीट लिहिलेलंच नाही, आणि पोरांच्या फोनवर पेट्या आजही उघडतायत.

दिवाळीत मी इथनं, नेदरलँड्समधल्या आईंडहोवनहून, बेळगावातल्या शहापूरला अक्काच्या घरी व्हिडिओ कॉल केला होता. भाचा अंगणात राजहंसगडचा किल्ला करून दमलेला, हाताला माती तशीच, आणि त्याच हातात फोन. त्यानं मला चाक दाखवलं. आठ भाग, आठही अगदी सारखे, कडेनं पणत्या, दाबलं की फटाक्यांचा आवाज. एका भागात सोनेरी पोशाख, बाकीच्यात कूपन, नाणी, असलंच काहीतरी. चाक फिरलं, हळू झालं आणि पोशाखाच्या अगदी शेजारी थांबलं. "मामा, बघितलासा काय, एका घरानं चुकलं! आता पुढच्याला नक्की मिळतंय की ओ!"

मी त्याला म्हटलं वर कोपऱ्यात बारीक इंग्रजी आय (i) लिहिलंय ते दाब. दाबलं तर इंग्रजीत लांबलचक यादी निघाली आणि पोशाखासमोर आकडा होता एक टक्का. आठ सारखे भाग दाखवले की कोणीही आठात एक धरणार, म्हणजे साडेबारा टक्के. चित्रात साडेबारा, यादीत एक. आणि ते शेजारी येऊन थांबणं पण नुसता देखावाच, कारण बोट लावल्या लावल्या कंपनीच्या सर्व्हरवर निकाल ठरून गेलेला असतो, चाक नंतर फिरतं. एका घरानं चुकलं असं काही घडलेलंच नसतं. मला राग आला तो इथं. नशिबाचा खेळ आहे म्हणून नाही आला, पोराच्या डोळ्याला एक दाखवलं आणि आत दुसरंच ठेवलं म्हणून आला.

आता हा एक टक्का म्हणजे काय ते बघूया, कारण मोठी माणसं पण इथं फसतात. एक टक्का म्हणजे शंभर वेळा केलं की एकदा मिळणारच, असं जवळजवळ सगळे धरतात. तसं नाही. प्रत्येक वेळी न मिळण्याची शक्यता ९९ टक्के, आणि शंभरदा हात रिकामा राहण्याची शक्यता येते साडेछत्तीस टक्क्यांच्या वर. म्हणजे शंभर-शंभर वेळा चाक फिरवणारी शंभर पोरं घेतली तर त्यातली साधारण छत्तीस-सदतीस पोरं काहीच न मिळता राहणार. नव्वद टक्के खात्री हवी असेल तर सुमारे २३० वेळा फिरवावं लागतं, नव्व्याण्णव टक्के हवी असेल तर साडेचारशेच्या वर. आणि मागची हार चाकाला आठवत नाही. "आता माझी पाळी" असं काही त्यात नसतंच, एवढ्या वेळेनंतर नक्की देऊ असं कंपनीनं स्वतः लिहून बांधून घेतलं असेल तरच असतं.

आमच्या लहानपणी गल्लीतल्या दुकानात चिठ्ठ्यांचा पुठ्ठा टांगलेला असायचा, वर घड्याळ, चेंडू, पिपाणी, आणि खाली चिकटवलेल्या छोट्या पुड्या, पैसे द्यायचे आणि एक फाडायची. तो पण जुगारच होता, आणि दुकानदार घड्याळाची चिठ्ठी शेवटपर्यंत बाजूला ठेवतो अशी शंका आम्हाला कायम असायची. पण पुठ्ठ्यावर किती चिठ्ठ्या राहिल्यात ते डोळ्याला दिसायचं. घड्याळ न निघालेल्या प्रत्येक चिठ्ठीनं उरलेल्यांत ते निघायची शक्यता वाढायची आणि पुठ्ठा एक दिवस संपायचा. गेमच्या पेटीत चिठ्ठी काढली की तशीच दुसरी परत आत जाते. पुठ्ठा संपतच नाही. भाच्याच्या डोक्यात हिशोब पुठ्ठ्याचा आहे आणि त्याच्यासमोर ठेवलंय भलतंच, आणि हा फरक त्याला शाळेत कोणी सांगत नाही, घरात कोणाला माहीत नाही.

फुकटची पेटी वाईट काय, असं अक्कानं विचारलं. पैसे जात नाहीत हे खरं. पण फुकटच्या पेटीत बहुतेक वेळा सेटमधला एखादा तुकडाच निघतो. समजा पाच पणत्या जमवल्या की मोठं बक्षीस, आणि पाचही पणत्या निघायची शक्यता सारखी. तरीसुद्धा पाचही जमायला सरासरी अकरा-बारा पेट्या लागतात, आणि त्यातल्या पाच तर एकट्या शेवटच्या पणतीसाठी. पहिल्या तीन पटकन येतात आणि पोरगं खूश, मग अडकतं, आणि नेमकं तेव्हाच विकतची पेटी समोर येते. शेवटची पणती मुद्दाम दुर्मिळ केलेली असली तर विचारूच नका. नेमक्या याच कारणासाठी जपानच्या ग्राहक खात्यानं २०१२ मध्ये असली सेट पूर्ण करायची सोडत बेकायदा ठरवली. तिथंच २०१६ च्या नववर्षाला ग्रॅनब्लू फँटसी नावाच्या गेममध्ये तिथल्या पंचांगातल्या माकडाच्या वर्षाचं खास कॅरेक्टर आलं होतं, एका खेळाडूनं ते मिळवायला लाईव्ह दाखवत जवळपास सात लाख येन घातले, केवढा गदारोळ झाला, आणि कंपनीला ३०० वेळांनंतर हवं ते कॅरेक्टर घेता येईल अशी मर्यादा घालावी लागली. म्हणजे वरची हद्द बांधता येते. लोक बोंबलले की बांधतात.

आता मी राहतो तिथलं. आमच्या ग्रुपवर काही जणांना वाटतं की युरोपात सगळं कडक, तिथं असलं काही चालतच नसेल. एकाच वर्षी, २०१८ मध्ये, बेल्जियम आणि नेदरलँड्स दोघांनी पेट्या तपासल्या. बेल्जियमच्या जुगार आयोगानं सरळ सांगितलं की विकतच्या पेट्या हा जुगार आहे, आणि फुटबॉलचा फिफा गेम काढणाऱ्या ईए कंपनीनं पुढच्या जानेवारीत तिथं पेट्या घ्यायचे पॉइंट्स विकणं बंद केलं. नेदरलँड्समध्ये दहा गेम तपासले, त्यातले चार कायद्याबाहेर निघाले, नंतर ईएला एक कोटी युरोपर्यंतचा दंड, २०२० मध्ये खालच्या कोर्टानं तो कायम केला, आणि मार्च २०२२ मध्ये वरच्या न्यायसंस्थेनं रद्द केला. कारण काय, तर पेटी हा वेगळा खेळ नाही, मोठ्या कौशल्याच्या खेळाचा भाग आहे. वाचताना मला आपलंच आठवलं, कारण त्याच्या महिनाभर आधी कर्नाटकाचा २०२१ चा ऑनलाईन गेमबंदीचा कायदा बेंगळुरूच्या हायकोर्टात उडाला होता आणि तिथंही मुद्दा कौशल्य की नशीब हाच.

तर माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासात एक हद्द लागते, तिच्या पलीकडे पेटी बेकायदा, अलीकडे चालते. बार्ले नावाच्या गावात तर ही हद्द घरं-दुकानांच्या मधूनच गेलीय. बेळगावच्या माणसाला यात नवीन काही नाही. कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद, आणि हद्द ओलांडून शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात, गेलं की तिथल्या सरकारची १९६९ पासूनची स्वतःची लॉटरी, दिवाळीला बंपर सोडत. हद्द बदलली की पाप-पुण्य बदलतं हे आपण बघत मोठे झालोय. आणि नुसत्या बंदीवर विसंबून चालत नाही हे बेल्जियमनंच दाखवलंय, कारण २०२२ मध्ये एका संशोधकानं तिथले आयफोनवरचे सर्वात जास्त कमाई करणारे १०० गेम तपासले तर ८२ मध्ये पेट्या होत्याच. बंदी कागदावर राहिली, बघायला माणूस नव्हता.

म्हणून बंदी हवी की नको या प्रश्नावर ग्रुपवर रात्र-रात्र भांडण्यात मला अर्थ वाटत नाही. इथं मला जे उपयोगाचं वाटलं ते छोटं-छोटं आहे. एप्रिल २०२० पासून युरोपात गेमच्या खोक्यावर लिहावं लागतं की आत विकतच्या वस्तू नशिबानं मिळतात. मे २०२४ मध्ये इथल्या ग्राहक संस्थेनं फोर्टनाईट गेमवाल्यांना अकरा लाख युरोंच्या वर दंड केला, आणि त्यात एक मुद्दा तो उलट्या घड्याळाचाच होता, वेळ संपली असं दाखवायचे आणि वस्तू नंतरही मिळायच्या. मार्च २०२५ मध्ये युरोपच्या ग्राहक संस्थांनी सांगितलं की गेममधल्या हिरे-नाण्यांत किंमत दाखवायची तर शेजारी खऱ्या पैशांत पण दाखवा. भाच्याला विचारा एका फेरीला किती, तो हिरे सांगतो. रुपये किती ते विचारलं की गप्प.

इथल्या मुलांना पण सणाची हौस कमी नाही. पाच डिसेंबरला सिंटरक्लासचा, म्हणजे पोरांना गिफ्ट देणाऱ्या म्हाताऱ्याचा, सण असतो, त्याच्या आधी पोरं बूट ठेवतात, त्याच्या घोड्यासाठी त्यात गाजर ठेवतात, मोठ्यांमध्ये चिठ्ठ्या टाकून कोणी कोणाला गिफ्ट द्यायचं ते ठरतं. देणारा कोण ते चिठ्ठीवर, पण गिफ्ट सगळ्यांना मिळतं. आपल्याकडे भाऊबीजेला ओवाळणी घातली तर ताटात नोट असते, नोटेची एक टक्का शक्यता नसते. सणाचं गिफ्ट म्हणून जे पोराच्या समोर ठेवायचं ते द्यावं तरी, नाहीतर त्याला गिफ्ट म्हणू नये, माझं एवढं साधं म्हणणं आहे.

आणि यात आपल्या भागाचा एक वेगळा मुद्दा आहे, जो ना पुण्यात निघणार ना बेंगळुरूत. सरकारी कागद मराठीतून मिळावेत म्हणून सीमाभागातल्या माणसांनी वर्षानुवर्षं अर्ज दिले, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. जो कागद आपल्याला वाचता येत नाही त्यावर सही करावी लागणं म्हणजे काय, हे येळ्ळूर-खानापूरच्या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. मग आपलीच पोरं, मराठी शाळेतली असोत की कन्नड, रोज न वाचता आलेल्या इंग्रजी यादीला ओके दाबून पैसे देतायत, त्याबद्दल आपण गप्प का? चाकावर दिवाळीच्या शुभेच्छा मराठीत लिहिलेल्या असतात. शक्यतेचा आकडा तेवढा इंग्रजीत, बारीक, आतल्या पानावर.

अक्काला मी सांगितलं की फोन हिसकावून घेऊ नको, पैसे जातात तिथं पासवर्ड टाक, आणि दिवाळीचे पैसे त्याला हातात दे, त्यातलेच घालायचे असतील तर आधी रुपयात हिशोब वहीत लिहू दे. पण हे प्रत्येक आईवर टाकून भागणार नाही. सगळ्याच आयांना कुठं माहीत असतंय कोपऱ्यातलं ते आय दाबायचं म्हणून. नव्या कायद्यात गेमिंगसाठी प्राधिकरणाची तरतूद आहे, नियम करायचे अधिकार आहेत. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांनी, आमदार-खासदारांनी तिथं एक निवेदन द्यावं: फिरवायच्या बटणावरच शक्यता लिहा, पोराच्या फोनच्या भाषेत लिहा, किंमत रुपयात लिहा, चाकाचे भाग खऱ्या शक्यतेएवढे काढा, आणि किती वेळांनंतर नक्की देणार ती हद्द बांधा. अशक्य काही मागत नाही आपण. चीननं २०१७ मध्ये शक्यता जाहीर करायला लावली, ॲपलनं त्याच वर्षी स्वतःच्या स्टोअरला नियम केला, दक्षिण कोरियात मार्च २०२४ पासून तो कायदाच आहे आणि त्याच्या दोन महिने आधी तिथल्या एका मोठ्या कंपनीला शक्यता गुपचूप कमी केल्याबद्दल हजार कोटी वॉनच्या वर दंड झालाय. त्या भाषांत सगळं लिहून झालं. मग दिवाळीला मराठीत शुभेच्छा लिहिणाऱ्यांना त्याच्याच खाली मराठीत आणि कन्नडमध्ये "शंभरात एक" एवढं लिहायला नेमकी काय अडचण आहे, ते त्यांनी सांगावं.