‘चल, आवर, उशीर होतोय’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

रोजची कामं करताना मुलाशी बोलत राहा, त्यातूनच ते शब्द शिकतं, असं मी ‘आंघोळ घालताना बोला’ या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, की हे सगळं सवड असलेल्यांचं. तुमच्या तोंडून सकाळभर ‘ऊठ, चल, आवर’ एवढंच निघतं, त्यापेक्षा रात्री अर्धा तास पुस्तक वाचलेलं बरं. गरीब घरातली मुलं तीन कोटी शब्द कमी ऐकतात असं कुठेतरी वाचल्यापासून मन खातंय, त्यावर मी आणखी मीठ चोळू नये, असंही लिहिलंत. दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही. वेळेचा विचार मी लेखात केलाच नव्हता, ही चूक कबूल.

पण आधी ते तीन कोटी. हा आकडा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या 42 कुटुंबांच्या अभ्यासातून 1995 साली पुढे आला. संशोधक प्रत्येक घरी महिन्यातून साधारण तासभर बोलणं टिपत आणि त्यावरून वर्षांचा हिशेब मांडला गेला. त्यावर पुढे बरीच टीकाही झाली. मला त्यातला तो तासच खटकतो. कुठला तास? तुमच्याकडे सकाळी सातला कोणी वही घेऊन बसलं, तर त्याला हुकूम सोडणारी आई दिसेल. रात्री जेवताना बसलं, तर गोष्टीवेल्हाळ. आई तीच, हातातलं काम वेगळं. बस गाठायची असली की माझ्याही तोंडी आज्ञार्थाखेरीज काही येत नाही. त्यावरून स्वतःला बोल लावू नका.

लेकीला आंघोळ घालायचं काम आमच्याकडे माझं. मान वर कर, बोटं पसर, आता पाठ. डोक्यावर तांब्या ओतण्याआधी ‘डोळे मीट’ म्हणावंच लागतं, नाहीतर साबण डोळ्यांत जातो. ‘मिटणं’ मी तिला कधी शिकवलं नाही. एका दुपारी रिकामी वाटी बाहुलीच्या डोक्यावर धरून तीच म्हणाली, ‘डोले मीत.’ आधी थांबली, बाहुलीकडे निरखून पाहिलं, मग ओतलं. घासणं, चोळणं, विसळणं, पुसणं, पिळणं या पाच गोष्टींतला फरक पाण्यात हात घातल्यावर जसा कळतो, तसा चित्रात कळत नाही. कपडे घालतानाही तेच : शर्ट घालायचा, टिकली लावायची, घड्याळ बांधायचं, गजरा माळायचा.

डेब रॉय या अमेरिकेतल्या संशोधकांनी आपल्या घरात कॅमेरे आणि मायक्रोफोन बसवून मुलाची पहिली तीन वर्षं टिपली होती. घरातलं ‘पाणी’ हा शब्द असलेलं बोलणं मुख्यतः स्वयंपाकघरात सापडलं, निरोपाचं दारापाशी. 2015 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की ठरावीक जागेशी, वेळेशी आणि विषयाशी बांधलेले शब्द मूल लवकर बोलू लागलं. आपली बाळबोली बघा ना. मंमं, भुर्र, गाई, शी, शू : खाणं, फिरणं, झोपणं... सगळा दिनक्रमच. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी 1964 मध्ये या मराठी बाळबोलीवर अभ्यासलेख लिहिला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पुस्तकाबद्दल मात्र तुमचं पूर्ण पटतं. अंगणात हत्ती येत नाही आणि ‘एके काळी’ असं भाजी निवडताना कोणी म्हणत नाही. लांब वाक्यं, घरात न येणारे शब्द तिथेच भेटतात. तो अर्धा तास अजिबात सोडू नका. मी वेगळा वेळ काढा म्हणत नाहीये. जे काम करायचंच आहे, त्यातलं एखादं घाईतून सोडवता आलं तर बघा, एवढंच. सकाळचं तर नकोच.

पाळणाघरातून आल्यावर लेकाचे हातपाय तुम्हीच धुता, असं प्रतिक्रियेच्या शेवटी ओझरतं लिहिलंय तुम्ही. तेव्हा तुमच्या दोघांत काय बोलणं होतं, ते सवडीने कळवाल का?