नोव्हेंबरात कुरकुरण्यापेक्षा एप्रिलमध्ये मत द्या

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

इथे अमेरिकेत आपल्या मराठी मंडळींचं दर चार वर्षांनी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, तेच गाऱ्हाणं असतं. दोन्हीकडचे टोकाचे, मधला माणूस उभाच राहत नाही. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या उपनगरांत हे इतक्यांदा ऐकलं की आता स्पष्टच लिहितो. मधला माणूस उभा राहतो. आपण त्याला मत द्यायला जात नाही.

आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरसाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, बंदिस्त असते. रिपब्लिकन उमेदवार कोण हे रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्यांनीच ठरवायचं, डेमोक्रॅटिक उमेदवाराचंही तसंच. नोंदणी करताना 'कुठलाच पक्ष नाही' या चौकोनावर खूण केली, की एप्रिलमध्ये घरी बसायचं. आपल्याकडच्या सुशिक्षित लोकांना ही खूण म्हणजे स्वच्छ चारित्र्याचा दाखला वाटतो.

१० सप्टेंबरला हॅरिस-ट्रम्प डिबेट झाली ती फिलाडेल्फियातच. घरोघरी गणपती बसलेले. आरतीनंतर एका घरी टीव्ही लागला आणि एक काका हातातला मोदक तसाच धरून मला म्हणाले, "तू आमच्याच बाजूचा ना रे?" कोणती बाजू हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेजारच्या ताई म्हणाल्या, "मला तर दोघंही नकोत बाई." त्यांना विचारलं, मग एप्रिलमध्ये कुणाला मत दिलंत? त्या म्हणाल्या, "एप्रिलमध्ये कसलं मतदान?"

आता त्याच एप्रिलचा हिशेब बघा. रिपब्लिकन उमेदवारीसाठी ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या निकी हेली ६ मार्चला शर्यतीतून बाहेर पडल्या. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी झाली २३ एप्रिलला. उमेदवारच मैदानात नाही, तरी दीड लाखाहून जास्त नोंदणीकृत रिपब्लिकन जाऊन त्यांच्या नावावर मत देऊन आले! नोव्हेंबरात ट्रम्प इथे साधारण १ लाख २० हजारांनी जिंकले. या हेलीवाल्यांपैकी किती जण शेवटी ट्रम्पकडे गेले, ते गुप्त मतदानात कोण सांगणार? पण त्यांची दखल दोन्ही प्रचारांना घ्यावी लागली. डेमोक्रॅट हॅरिस ट्रम्पविरोधी रिपब्लिकन लिझ चेनींना सोबत घेऊन याच उपनगरांत फिरल्या, त्या काही हौसेखातर नाही.

चेनींचंच घ्या. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या महाभियोगाच्या बाजूने हाउसमधल्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या) १० रिपब्लिकनांनी मत दिलं. त्यातले ४ पुन्हा उभेच राहिले नाहीत, ४ प्रायमरीत आपटले (चेनी त्यातल्याच), २ टिकले. टिकलेले दोघे वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांतले. तिथे सगळ्या पक्षांची प्रायमरी एकत्र होते, कुणीही कुणालाही मत देऊ शकतो आणि पहिले दोघे पुढे जातात. ही काही जादूची कांडी नाही, वॉशिंग्टनमधल्याच जेमी हरेरा-बटलर त्याच पद्धतीत हरल्या. तरी माझं मत पक्कं आहे: प्रश्न मतदाराच्या स्वभावापेक्षा प्रायमरीच्या दारातून कुणाला आत सोडतात याचा जास्त आहे.

यावर आमचे डेमोक्रॅट मित्र खूश होतील, तर थांबा. त्या दहांतला मिशिगनचा पीटर मायर. त्याच्या विरोधातल्या ट्रम्पसमर्थक उमेदवाराची जाहिरात डेमोक्रॅटांच्या हाउस प्रचार समितीनेच केली, ४ लाख डॉलरच्या वर पैसे ओतून. वरकरणी टीका, आतून कौतुक. मायर पडला आणि नोव्हेंबरात ती जागा डेमोक्रॅटांना मिळाली. डाव फत्ते. वर पुन्हा 'रिपब्लिकनांत समंजस माणसं उरली नाहीत' हे प्रवचन द्यायला मोकळे. याला मी तरी लबाडीच म्हणेन.

पक्षात नाव नोंदवणं म्हणजे निष्ठेची शपथ नाही. वर्गणी नाही, सभा नाही, झेंडा नाही. नोव्हेंबरात हवं त्याला मत द्या, कुणी अडवत नाही. आपल्या भागात ज्या पक्षाचा माणूस हमखास निवडून येतो, त्याच पक्षात नोंदणी करा, कारण खरी निवडणूक तिथेच होते. प्रायमरीच्या १५ दिवस आधीपर्यंत ऑनलाइन पक्ष बदलता येतो, पाच मिनिटांचं काम.

मीही एका पक्षात नोंदलेला आहे. कुठल्या, ते कमेंटमध्ये विचारू नका. इथे मतदारयादीत पक्षही लिहिलेला असतो आणि प्रचारवाले ती यादी विकत घेतात, त्यामुळे माझ्या पत्रपेटीतली पत्रकं बघून आमच्या पोस्टमनला ते केव्हाच कळलंय.