वाडा विकणाऱ्यांसाठी काही उपयुक्त सूचना

गावाकडचा वडिलोपार्जित वाडा विकायला काढला आहे आणि मनाजोगते गिऱ्हाईक सापडत नाही, अशी आपली अडचण असल्यास निराश होऊ नये. हे काम किती कौशल्याने करता येते, याचे प्रात्यक्षिक गेल्या रविवारी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पाहण्याचा योग मला आला. '300 वर्षांचा पेशवेकालीन हेरिटेज व्हिला, संपूर्ण नूतनीकरण, मूळ गिलावा, भोवती 4 एकर शेती, क्लिअर टायटल' या जाहिरातीला भुलून मी आणि माझी पत्नी भल्या पहाटे निघालो आणि रात्री डोके धरून परतलो. त्या एका दिवसात मिळालेले ज्ञान स्वतःपाशीच ठेवणे अप्पलपोटेपणाचे होईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्वप्रथम, 'वाडा' हा शब्द टाळावा. वाडा म्हटले की लोकांना भाऊबंदकी, वटवाघळे आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. व्हिला म्हटले की यांतले काहीच आठवत नाही. चौकाला कोर्टयार्ड, माजघराला लाउंज आणि देवघराला मेडिटेशन रूम म्हणावे. गुरांचा गोठा असेल तर तो गेस्ट स्वीट होतो. मात्र त्यातली गव्हाण काढण्याची घाई करू नये, कारण तिच्यात मोगऱ्याच्या कुंड्या ठेवल्या की तिचे वेगळे पैसे लावता येतात.

वयाच्या बाबतीत संकोच नसावा. आम्ही पाहिलेल्या वाड्याच्या दरवाजावर, गणेशपट्टीखाली, दगडात 'शके 1824' असे स्वच्छ कोरलेले होते. शकात 78 मिळवले की इसवी सन 1902 येतो आणि पेशवाई तर 1818 सालीच संपली, एवढे साधे गणित मी तिथल्या एजंटसाहेबांना नम्रपणे सांगून पाहिले. 'साहेब, 1824 लिहिलंय ना, म्हणजे 200 वर्षं तर तिथंच झाली,' असे ते म्हणाले. उरलेल्या 100 वर्षांचा हिशेब मागण्याचे धैर्य मला झाले नाही. छपराकडे बोट दाखवून ही कौलेही बाजीरावांच्याच काळातली, असे त्यांनी सांगितले. ती मंगळुरी कौले होती आणि तसल्या कौलांचा मंगळुरातला पहिला कारखानाच 1865 सालचा आहे, हे मी मनातल्या मनात म्हटले.

छायाचित्रे श्रावणात, दिवस मावळताना आणि शेजारच्या कुक्कुटपालनाच्या शेडकडे पाठ करून काढावीत.

आता नूतनीकरण. हा भाग जरा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण वाडा शंभर वर्षे ऊनपाऊस सोसून उभा राहिलेला असतो आणि त्याला खाली बसवायला थोडी मेहनत घ्यावी लागते. प्रथम भिंतींवरचा चुन्याचा गिलावा छिन्नीने खरवडून काढावा. तो चुना कोणी बैलाच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळला असेल, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घातले असेल, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू दगडासारखा घट्ट झाला असेल. त्याच्याशी आपल्याला काय करायचे आहे? त्यावर सिमेंटचा जाड थर द्यावा आणि वर चकचकीत ऑइलपेंट फासावा. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीत जमिनीतली ओल चढतच असते. चुना ती ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. कोंडलेली ओल मग वाट शोधत वर वर चढते, भिंतीला लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, धरतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीत रोवलेल्या सागवानी तुळयांची टोके आतल्या आत कुजू लागतात. बाहेरून काही दिसत नाही, हा या पद्धतीचा मोठाच फायदा आहे. मी एका तुळईच्या टोकाला सहज मोटारीची किल्ली टेकवली, ती अर्धी आत गेली. 'थोडी वाळवी होती, ट्रीटमेंट केली आहे,' असे उत्तर आले. ट्रीटमेंट म्हणजे चॉकलेटी रंगाचा एक हात.

आणि या सिमेंटला जाहिरातीत 'मूळ गिलावा' म्हटलेले! पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ अस्पडिन नावाच्या इंग्रज गवंड्याने 1824 साली, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर 6 वर्षांनी घेतले. शके नव्हे, इसवी सन. योगायोगाने आकडा तोच असल्यामुळे एजंटसाहेबांना हे सांगणे मी कटाक्षाने टाळले. नाहीतर तेही पुराव्यात जमा झाले असते. पुढे चौकात गेलो. चारही बाजूंच्या सोप्यांना खांब होते, खांबांवर महिरपी होत्या, महिरपींवर पोपट होते. एका खांबावर टिचकी मारली तर पोकळ आवाज आला. आत लोखंडी पाइप, वर फायबरचे कवच. मूळचे सुरूच्या घाटाचे लाकडी खांब कुठे गेले, असे विचारल्यावर कळले की जुन्या लाकडाला चांगला भाव आला होता. म्हणजे आधी वाड्याचे खांब विकायचे, मग खांबांच्या जागी नळ्या उभ्या करायच्या आणि मग त्या नळ्यांसकट उरलेला वाडा 'ऐतिहासिक' म्हणून दुसऱ्यांदा विकायचा! चुन्यात काम करणारे गवंडी आजही सापडतात, खर्च जास्त येतो, वेळ लागतो, हे सगळे मान्य. परंतु जमत नव्हते तर निदान हात तरी लावायचा नव्हता. राहू द्यायचा होता पडका.

असो. उपरोधाचा तोल सांभाळला पाहिजे.

किंमत जाहिरातीत कधीही लिहू नये. ती गिऱ्हाइकाची मोटार पाहून ठरवावी.

कागदपत्रे कोणी मागितलीच तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे करावा. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. शेतीचा सातबारा सुरुवातीलाच दाखवू नये, कारण त्यावर 'भोगवटादार वर्ग 2', म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, अशी नोंद निघाली तर सरकारी परवानगीवाचून व्यवहार होत नाही, आणि ही गोष्ट टोकन घेतल्यानंतर सांगणे अधिक सोयीचे असते. घेणारा शेतकरी नसेल तर 1948 च्या कूळवहिवाट कायद्याचे कलम 63 आड येते. तेव्हा 'शेतकरी दाखल्याचं आम्ही बघून घेऊ' असे म्हणून डोळा मिचकावावा. आमच्याकडे पाहून दोनदा मिचकावण्यात आला.

शेवटची सूचना वाड्यात राहणाऱ्या माणसांविषयी आहे. गिऱ्हाईक येण्यापूर्वी त्यांची व्यवस्था लावावी. मागच्या पडवीतल्या एका खोलीला बाहेरून कडी होती. 'स्टोअर रूम आहे,' असे एजंट म्हणाले, आणि त्याच क्षणी आतून खोकल्याचा आवाज आला. माझ्या पत्नीने कडी काढली. आत ऐंशी-पंचाऐंशीच्या एक काकू खाटेवर बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. 'वाडा बघायला आलात? या महिन्यातले तुम्ही चौथे. पाणी घेता का?' असे त्यांनी विचारले. पाणी पिता पिता समजले की वाड्याला अकरा हिस्सेदार आहेत, विकायला निघालेला पुतण्या त्यांतला एक आहे, आणि काकूंची व त्यांच्या दोन्ही नणंदांची सही अजून कोणी मागितलेलीसुद्धा नाही. 'क्लिअर टायटल' ते हेच.

आता सूचना पुरे. विकणाऱ्यांनो, तुमचा वाडा तुम्ही विका, त्याला कोणाची हरकत नाही. प्रत्येकाला तो सांभाळणे परवडत नाही, हे मला कळते. पण खोटे बोलू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत लेकांच्या बरोबरीचा हक्क आहे, त्यांच्या सह्या चहापाण्यावर मिळतील असे गृहीत धरू नका. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्याने एखादा हिस्सा विकत घेतला, तरी घरच्यांबरोबर त्या घरात ताबा घेऊन राहण्याचा हक्क त्याला मिळत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 1882 पासून लिहून ठेवले आहे. हे तुम्हाला माहीत असते, तुमच्या एजंटाला माहीत असते, आणि तरीही आयुष्यभराची पुंजी घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही 'टोकन टाकून ठेवा, दुसरी पार्टी तयार आहे' म्हणून घाई करता. याला फसवणूक म्हणतात. जाहिरातीत किंमत लिहा. बांधकामाचे खरे साल लिहा. ते तुमच्याच दारावर कोरलेले आहे. हिस्सेदार किती आणि सह्या किती, ते लिहा. काय मूळचे आहे आणि काय फायबरचे, तेही लिहा. आणि कोणी वाडा बघायला येणार असेल त्या दिवशी काकूंच्या दाराला बाहेरून कडी घालू नका.