पायरीच्या दगडाबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की एकच दगड हलत होता, तरी आम्ही दोन काढले. पुढचं दार अडलं आणि आजींना मागच्या दाराने ये-जा करावी लागली. शेजारी गवंड्याने फटीत सिमेंटचं पाणी ओतून अर्ध्या तासात काम उरकलं होतं. शिवाय दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, पांढरट दिसतात, म्हणजे आम्ही सिमेंट खाल्लं.

आजींना त्रास झाला, त्यावर वाद नाही. बाकीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण सोलापुरातल्या जुन्या घरांत हेच सगळे विचारतात.

दगड हलतो तो खालून. तुमच्या गच्चीचा पाईप बरोबर पायरीच्या कडेला सुटतो. आपल्याकडे पाऊस कमी, पण सप्टेंबरात एखाद्या रात्री असा झोडपतो की त्या पाण्याने पायरीखालचा भराव वाहून जातो. दगड उचलला तेव्हा तुम्ही शेजारीच उभ्या होतात. कोपरापर्यंत हात आत जाईल एवढी पोकळी होती आणि मुंग्यांनी उकरलेली माती. अशा जागी वरून सिमेंट ओतलं तर ते सुट्या मातीवर जाऊन बसतं, दगडाला धरत नाही. वाळलं की त्याची खपली होते आणि पुढच्या पावसाळ्यात दगड पुन्हा डुगडुगतो. शेजाऱ्यांची पायरी मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलत नाही.

दुसऱ्या दगडाचं म्हणाल, तर तो हलत नव्हता, पण हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजत होता. तो काढण्याआधी तुमच्या घरी विचारलं होतं. काळा दगड चार फूट लांब, फूटभर रुंद आणि सहा इंच जाड असला तर वजन दीडशे किलोच्या वर जातं. पहार लावून दोघांनी उचलावा लागतो, मजुरी त्याचीच आहे. खालची बाजू गुळगुळीत होती, माल (कालवलेलं सिमेंट-चुना-वाळूचं मिश्रण) धरेना. म्हणून टाकीने (दगडाच्या छिन्नीने) खरवडून, धुऊन, ओली करून बसवला. पुढे थोडा ढाळ दिलाय, पाणी दाराकडे येऊ नये म्हणून.

आता पांढरट दरजा. त्यात चुना आहे, आणि तो मुद्दाम घातलाय. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. तुमचं बांधकाम मुळातच चुन्याचं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री निवतो. नुसत्या सिमेंटची कडक दरज त्या हालचालीला दाद देत नाही, दगडाच्या कडेने सुटते आणि त्या चिरेतून पाणी आत शिरतं. सिमेंट वाचवायचंच असतं तर दरजा दिसतात तिथे कशाला वाचवू? खाली वाचवलं असतं, कुणाला कळलंही नसतं. हा रंग पावसात धुळीने मळून दगडाशी मिळेल. वरून काळा रंग मारू नका, दरजांना हवा लागू द्या.

पायरी बंद ठेवली ती याच उन्हामुळे. ओला माल भराभर सुकला तर धरण्याआधीच भुसभुशीत होतो. म्हणून गोणपाट ओलं ठेवायला आणि आठवडाभर पाणी मारायला सांगितलं होतं. त्यात पहिल्या संध्याकाळी कुणी स्कूटर चढवली (नाव घेत नाही, घरचंच माणूस आहे), म्हणून कडेचा दगड पुन्हा लेव्हलला घ्यावा लागला. त्याचे पैसे लावलेले नाहीत.

पाईपला एक एल्बो (वळणाचा जोड) लावून पाणी गटारीकडे वळवा, हे बिलाच्या मागे लिहून दिलंय. आमचं काम नाही, कुठलाही प्लंबर करेल. पाईप वळवलात की पावसाळ्यानंतर माणूस पाठवून दोन्ही दगड ठोकून बघतो. एखादा पोकळ वाजला तर पुन्हा बसवून देऊ, मजुरी घेणार नाही. पाईप आहे तिथेच राहिला तर मात्र ही हमी देता येणार नाही.