डावीकडची तूर

माळेगावच्या यात्रेला मी खंडोबासाठीच गेलो होतो. येताना मेहुण्याच्या भरीला पडून घोडी घेऊन आलो. खरं तर उदगीरच्या माणसानं घोड्याला भ्यायचं कारण नाही. १७६० साली इथंच सदाशिवरावभाऊंच्या फौजेनं निजामाला नमवलं. मला मात्र त्याच मातीत घोडी उजवीकडं वळवता येईना.

गाडीवाट सरळ. डावीकडं अण्णांची तूर, उजवीकडं सरपंचांची ज्वारी. मांड ठोकून टाच दिली की पन्नास पावलांत घोडी तुरीत. मी उजवा लगाम ओढायचो. ती आज्ञाधारकपणे मान वळवून पार माझ्या गुडघ्यापर्यंत आणायची, एका डोळ्यानं मला निरखायची आणि बाकीचं धूड तसंच डावीकडं चालत राहायचं. तोंड सरपंचांकडं, पाय अण्णांकडं. (निवडणुकीत आमच्याकडचे कार्यकर्ते असेच चालतात.)

"गुर्जी, काय करायलाव?" बांधावरून अण्णा.

"वळवायलोय."

"कोण कुणाला?"

शेवटी जुन्या चाबूकस्वार मामूंना बोलावलं. हयात वरातीच्या घोड्यांत गेलेली. त्यांनी घोडीच्या पुढच्या पायावर, कातड्याखाली सरकणाऱ्या हाडावर थाप मारली. "ह्यो फरा. आपल्यासारखं हासळीचं हाड घोड्याला नस्तंय. दोन फऱ्यांच्या मदी धड नुस्तं मांसानं टांगलेलं. तुमी उजवी मान वडली की डावा फरा बाहीर निसटतोय. घोडं मानंमागं जात नाई गुर्जी, खांद्यामागं जातंय. डावा लगाम धरून ठिवा, डावी पोटरी कुशीला लावा, मग वळवा."

रात्री मोबाईलवर शोधलं. गेरिनिएर नावाच्या फ्रेंच उस्तादानं १७३३ च्या आपल्या ग्रंथात घोड्याचा खांदा आत घेण्याचा धडा सविस्तर लिहून ठेवलाय. मामूंनी तो वाचलेला नाही, म्हणून त्यांना ते येतं. मी वाचला आणि सकाळी पुन्हा तुरीत गेलो.

आता मामू मागं जाऊन उभे राहिले. सुतार फळीचा बाक बघतो तसा एक डोळा मिटला. "घोडी सरळ हाय. वाकडं तुमी हाव."

बावीस वर्षं डाव्या खांद्यावर शबनम. तिच्यात वह्या, हजेरीपट, डबा आणि जनगणनेपासून मतदारयादीपर्यंत शासनाला जे जे मोजावंसं वाटलं ते सगळं. खांदा दोन बोटं खाली आलेला. शिंप्याला हे ठाऊक असणार. माझ्या सफारीच्या डाव्या खांद्यात त्यानं कापूस जास्त भरला होता, बोलला मात्र नाही. खांदा झुकला की कूल्हा झुकतो, डाव्या रिकिबीत वजन जातं आणि घोडी तोल सांभाळायला वजनाखाली पाय टाकते. म्हणजे ती बिचारी रोज माझंच ऐकत होती.

मामूंनी गवंड्याचा ओळंबा मागवला. मी खोगिरावर, ओळंबा कानापाशी. कान, खांदा, कंबर, टाच एका रेषेत आले पाहिजेत. दोरी खांद्यापर्यंत यायची आणि पुढं पोटावर अडायची. शाळेची पोरं कुंपणावर बसून मोठ्यांदा "आत घ्या, सर!" असं सांगत होती.

उपाय म्हणून मी शबनम उजव्या खांद्यावर घेतली. महिनाभर निष्ठेनं. शाळेत, बाजारात, घोडीवरसुद्धा.

कालपासून घोडी सरपंचांच्या ज्वारीत शिरायलीय. अण्णा बांधावर तंबाखू मळत उभे होते.

"आता कसं," ते म्हणाले, "सरळ चालायलीय."