एका युनिटला साडेतीन लिटर

आमचा कट्टा म्हणजे एका मेलेल्या हापशाचा ओटा. दांडा कधीच कुणीतरी भंगारात घातला. लोखंडी खोड तेवढं उरलंय, त्यावर बप्पा हेल्मेट अडकवतो. समोर चहाची टपरी, लांबवर थर्मलचे, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राचे, गरगरीत कूलिंग टॉवर. परळीत रात्री नवाच्या पुढं ज्याला घरी जायची घाई नसते, तो इथं सापडतो.

परवा विषय काढला पिंट्यानं. तो थर्मलला कंत्राटावर. "धरणं अशीच तळाला चालली तर पुन्हा 2013 होणार बघा."

2013 च्या फेब्रुवारीत पाण्यावाचून इथले वीज बनवणारे सगळे संच थंड झाले होते. 2015 च्या जुलैत पुन्हा तेच. त्या वर्षी पिंट्याचे वडील घरी बसले आणि दिवाळीआधी कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला गेले.

"होऊ दे की बंद," बप्पा म्हणाला. बप्पाचा साडेचार एकर ऊस आहे. "तवा संच बंद होते, तरी माझ्या घरात लाईट होतीच. खडक्याच्या बंधाऱ्यात गोदावरीचं पाणी तुम्ही अडवून बसायचं, आन् आम्ही बोअरकडं बघत बसायचं?"

"तुझ्या घरातली लाईट चंद्रपूरहून आली तरी चालते, ग्रिड एकच आहे. माझ्या बापाचा पगार नाही येत चंद्रपूरहून."

यावर बप्पा जरा नरमला, पण गप्प बसला नाही. "एवढं पाणी लागतंय तरी कशाला? कोळसा जाळायचा ना?"

इथं अण्णांनी कप खाली ठेवला. अण्णा पाटबंधाऱ्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. हिशोब निघाला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडं जातो. "कोळशानं पाणी उकळतंय, वाफ चाकं फिरवती. ती वाफ परत पाणी करायची तर थंड करावी लागती, आन् त्या थंड करण्यातच बहुतेक पाणी जातं. ते टॉवरमधून पांढरं वर जायलंय ना, त्याला तू धूर समजतोस. पाणी आहे ते. 2015 ला सरकारनं जुन्या केंद्रांना मर्यादा घातली, एका युनिटला साडेतीन लिटर."

मग टपरीवाल्याच्या पेपरच्या कोऱ्या कडेवर गुणाकार झाला. अडीचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीनं दिवसभर चालला तर 60 लाख युनिट. गुणिले साडेतीन. दोन कोटी दहा लाख लिटर, एका दिवसाला.

"लातूरची पाण्याची रेल्वे आठवते का?" अण्णा म्हणाले. "2016 ला मिरजेहून येत होती. पन्नास वाघिणी, 25 लाख लिटर. तशा आठ गाड्या रिकाम्या केल्या तरी एका संचाचा एक दिवस भागत नाही."

बप्पाला आनंद मावेना. "घ्या! मी काय म्हणत होतो!"

"थांब. आता तुझा ऊस." पेन पुन्हा चाललं. "एक हेक्टर, पाटानं मोकाट पाणी. लागणीपासून तोडीपर्यंत साधारण दोन कोटी लिटर, पावसाचं धरून."

म्हणजे थर्मलचा एक संच एका दिवसात जेवढं पितो, जवळपास तेवढं एक हेक्टर ऊस वर्षात पितो. 365 हेक्टर ऊस लावला की एका संचाचं वर्षाचं पाणी झालं. आणि 365 हेक्टर म्हणजे काय, एखाद्या बऱ्यापैकी गावाचं अर्धं शिवार.

पिंट्या हसला, पण जपून. बप्पाचं तोंड बघून मीही विषय बदलायच्या बेतात होतो. तेवढ्यात तोच बोलला, आणि त्यात त्याचं चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही. "मग काय लावू? सोयाबीन? हमीभाव कागदावर, मोंढ्यात नेलं की ओल आहे, माती आहे. कापसाची तीच गत. उसाला एफआरपी आहे, कारखान्याला तो भाव द्यावाच लागतो, लवकर-उशिरा पैसा येतो. पाण्याचं मला कळत नाही का?"

"ठिबक कर."

"अर्ध्यावर केलंय. उंदरांनी नळ्या खाल्ल्या."

मग ओघानंच गाडी वरच्या धरणांवर गेली. नाशिक-नगरवाले पाणी दाबून बसतात यावर कट्ट्याचं कधीच दुमत नसतं, म्हणून तो विषय निघाला की चहाची आणखी एक फेरी होते. अण्णांनी नेहमीचा पाढा म्हटला. 2005 चा कायदा, समन्यायी वाटप, 2014 ला ठरलेलं सूत्र: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असला तर वरून सोडायचं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर 8.6 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) आदेश निघाला होता, आणि सोडलेल्या पाण्यातलं बरंच नदीचं पात्रच पिऊन टाकतं. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, परातीसारखा पसरट, त्याला ऊन वेगळं लागतं. हे सगळं खरंच आहे. पण वरच्यांशी भांडताना आम्ही सगळे एका बाजूला असतो. खाली आलेल्या पाण्याचं शिवारात काय झालं, हे विचारलं की कट्ट्यावर दोन गट पडतात.

मुन्ना इतका वेळ मोबाईलमध्ये होता. त्याचे दोन टँकर आहेत, त्यामुळं दुष्काळावर तो सहसा बोलत नाही. बोलला की सगळे त्याच्याकडं बघतात. त्या रात्री मात्र बोलला. "एवढं कशाला? सोलर पंप घ्या. वीज नको, थर्मल नको, रात्रीचं साप-विंचू नको. दिवसा पाणी."

पिंट्याला ते पटलं. मलाही पटलं होतं. अण्णांनी मान हलवली. "रात्रीचं मरण टळतंय, ते चांगलंच. पण आजवर बोअरला कुलूप कशाचं होतं? आठ तासाच्या लाईटीचं. त्यातबी डीपी, म्हंजे ट्रान्सफॉर्मर, जळली की आठ दिवस बोअरला सुट्टी. आता ऊन आहे तवर पंप चालणार, बिल शून्य. उन्हाळ्यात ऊन किती असतं आपल्याकडं?"

"म्हणजे शेतकऱ्याला लाईट देऊ नये?" बप्पा उसळला.

"मी तसं म्हटलो का?"

"तसंच झालं की ते. तुमच्या टाकीवरची मोटर किती तास चालते, तिला कुलूप नको व्हय?"

अण्णांकडं उत्तर नव्हतं, किंवा असलं तरी दिलं नाही. घरच्या बोअरवर ते अंगणातल्या जास्वंदीला पाइपानं पाणी देतात, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

दहाला पाच कमी असताना बप्पाचा फोन वाजला. मोबाईल स्टार्टरचा कॉल. लाईट आली की मोटर आपोआप चालू होते आणि फोनवर बाई सांगते, तुमचा पंप सुरू झाला आहे. बप्पानं ऐकलं, कट केला, घड्याळात बघितलं. या आठवड्यात त्याच्या फीडरला, म्हणजे शेताकडच्या वीजवाहिनीला, रात्रपाळी.

"बंद कर की फोनवरनंच," पिंट्या म्हणाला. "सकाळी दे पाणी."

"सकाळी लाईट तुझा बाप देणार?"

हापशावरचं हेल्मेट काढून त्यानं बॅटरी लागते का बघितली. माझ्या पुढ्यात वीस रुपये टाकले आणि दारं धरायला निघून गेला.