फक्त एक सॉकेट

“भाऊ, फक्त एक सॉकेट वाढवायचंय.” वायरमनच्या कानाला याहून गोड वाक्य नाही. नाशकात सिंहस्थ 12 वर्षांनी येतो. वायरच्या पाइपसाठी भिंतीत झिरी, म्हणजे चर, मारायचा कटर मात्र सोसायटीत बारमाही.

सोसायटीचे नियम वेळेचे असतात: दुपारी दोन ते चार बंद, रविवारी बंद. भिंतीला वामकुक्षीचं कौतुक नाही. तिचे नियम खोलीचे. बेडरूमचे नव्हे, खोलपणाचे. वजन पेलणाऱ्या विटांच्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशाच्या आत हवी, आडवी एक षष्ठांशाच्या. आडवीवरच राग का? उभी झिरी वजनाच्या वाटेनं उतरते, आडवी त्या वाटेत चर खणते. 230 मिलिमीटरच्या नऊ इंची भिंतीला म्हणजे उभी 76, आडवी 38. साडेचार इंचीला 38 आणि 19. आता 20 मिलिमीटरचा पाइप हातात घेऊन बसा त्या 19शी घासाघीस करत! गंगापूर रोडच्या फ्लॅटात वजन कॉलम-बीम उचलतात, ही पळवाट खरी. पण म्हणून कटर कॉलमवर टेकवलात, तर तुमच्या चार्जरचा हिशेब अख्खी इमारत देईल.

पंचवटीतल्या वाड्याची दोन फुटी भिंत पाहूनही हुरळू नये. दोन्ही अंगांना वीट-दगड नि पोटात माती असली, की छन्नीच्या दर ठोक्याला माती ओघळते. बोर्डापुरतं पाडलेलं भोक संध्याकाळपर्यंत कोनाडा होतं. पणती ठेवा.

मला विचाराल तर खरी गंमत पाठीला पाठ लावलेल्या बोर्डांत आहे. साडेचार इंची भिंत, दोन्हीकडून पन्नास-पन्नास मिलिमीटरचे बॉक्स. मधे उरतं काय? शेजारच्या मालिकेतल्या सासूचे संवाद. बॉक्स निदान फूटभर सरकवा.

सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकवर हातोडा नकोच. आधी कटरनं दोन समांतर रेघा, मग मधला भाग अलगद काढायचा. पाइप बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ खाली न्यायचा. तिरपा नेला की वायर वाचते फूटभर, आणि पुढं घड्याळाचा खिळा अचूक तिच्यातच बसतो.

बुजवणं हे खरं काम, आणि तेच सगळ्यांना अर्ध्या तासात उरकायचं असतं. धूळ झाडा, झिरी ओली करा, पाइपला जागोजागी क्लॅम्प मारा, मग सिमेंटचा माल दोन थरांत भरा. रुंद झिरीवर कोंबडजाळी लावा. आठवडाभर पाणी मारा. सुक्या झिरीत माल कोंबून वर लगेच पुट्टी फासली, तर विटा मालातलं पाणी पिऊन टाकतात, माल आकसतो आणि थोड्याच दिवसांत भिंतीवर वायरिंगचा नकाशा उमटतो.

खरं तर नकाशा हवाच, पण कागदावर. बुजवण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढा. मोबाइलमध्ये तो ‘शुभ सकाळ’च्या गर्दीत चेंगरेल, म्हणून छापून शेअर सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये ठेवा. ती फाइल घरात कुणी हरवत नाही.